लेटरबॉक्सिंग म्हणजे काय? घरच्यांसोबत अन् मित्रांसोबत डबा शोधण्याचा खेळ कसा खेळायचा, वाचा सविस्तर

हिंगणा : लेटरबॉक्स म्हटलं की आपल्याला पोस्टाची लाल पेटी आठवते. पण लेटरबॉक्सिंग हा एक छंद आहे आणि त्याचा पोस्टाच्या पेटीशी फार थोडा संबंध आहे. यात एक जण छोटा डबा लपवतो, तो कुठे आहे याच्या खुणा लिहून देतो आणि बाकीचे त्या खुणा वाचत चालत जाऊन डबा शोधतात. डब्यात बक्षीस नसतं, पैसे नसतात. असते एक वही आणि एक हाताने कोरलेला ठसा. खर्च जवळपास नाहीच. आठ वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना खेळता येतो. खेळ काय आहे, कुठून आला आणि आपल्या भागात खेळायचा तर काय काळजी घ्यायची, ते पाहू.

खेळ आला कुठून?

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा मोठा माळ आहे. दलदल, खडक आणि धुकं असा हा भाग. तिथल्या चॅगफर्ड गावचे जेम्स पेरट हे वाटाड्याचं काम करायचे. त्यांनी १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली. जो कोणी तिथवर चालत पोचेल त्याने आपलं नावाचं कार्ड त्यात टाकायचं, एवढंच. पुढे बाटलीच्या जागी डबा आला. लोक त्यात पत्ता लिहिलेलं पत्र ठेवू लागले. नंतर येणारा माणूस ते पत्र घेऊन जायचा आणि पोस्टात टाकायचा. यावरूनच लेटरबॉक्स हे नाव पडलं.

पुढची सव्वाशे वर्षं हा खेळ हळूहळूच वाढला. १९७० च्या दशकापर्यंत डार्टमूरवर मोजकेच डबे होते. त्यानंतर मात्र त्यांची संख्या हजारांवर गेली. तिथे १०० डबे शोधणाऱ्यांचा '१०० क्लब' सुद्धा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि खेळ तिकडेही पसरला. मोबाईलवर जीपीएस लावून डबा शोधायचा 'जिओकॅशिंग' हा खेळ २००० साली सुरू झाला, तो याचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की जिओकॅशिंगमध्ये यंत्र जागा दाखवतं, तर लेटरबॉक्सिंगमध्ये खुणेचा अर्थ डोकं लावून काढावा लागतो.

काय काय लागतं?

डबा लपवणाऱ्यासाठी :
- घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिक डबा
- छोटी वही आणि पेन्सिल (पेनाची शाई ओलीने पसरते)
- वही व ठसा ठेवायला प्लास्टिकची पिशवी
- खोडरबरावर कोरलेला ठसा

शोधणाऱ्यासाठी :
- स्वतःची वही
- स्वतःचा ठसा
- स्टॅम्प पॅड (डब्यात ठेवलं तर उन्हाने वाळतं, म्हणून सोबत न्यायचं)
- पाण्याची बाटली, टोपी, बूट आणि हातात काठी

ठसा कसा कोरायचा?

शाळेत भेंडीचे, बटाट्याचे ठसे सगळ्यांनीच उमटवले आहेत. हे तसंच आहे, फक्त ठसा टिकतो. मोठा, मऊ खोडरबर घ्या. कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र ठळक काढा : बैलजोडी, संत्रं, कापसाचं बोंड, घरचं मांजर, काहीही. तो कागद चित्राच्या बाजूने खोडरबरावर पालथा ठेवा आणि मागून चमच्याने घासा. चित्र उलटं उतरेल. उलटं उतरलं तरच ठसा सुलटा उमटतो, त्यामुळे अक्षरं असतील तर वेगळी उलटी लिहायची गरज नाही.

आता रेघा तशाच ठेवून आजूबाजूचा भाग ब्लेडने थोडा थोडा काढा. ब्लेडचं काम मोठ्यांनीच करायचं, बोटांपासून बाहेरच्या दिशेने. लहान पोरांनी चित्र काढायचं आणि शाई लावायची. अधूनमधून कागदावर उमटवून पाहा, कुठे जास्त राहिलंय ते लगेच कळतं. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा ठसा असला तर मजा दुप्पट.

खेळायचं कसं?

१. एकाने डबा लपवायचा आणि खुणा लिहायच्या.
२. खुणा कागदावर किंवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर द्यायच्या.
३. बाकीच्यांनी टोळीने निघायचं. एकट्या लहान मुलाला पाठवायचं नाही.
४. डबा सापडला की आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवायचा, नाव आणि तारीख लिहायची.
५. डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा.
६. सगळं पिशवीत घालून, झाकण पक्कं लावून डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा.

सहावा नियम सगळ्यात मोठा. डबा घरी आणला की पुढच्याचा खेळ संपला.

खुणा कशा लिहायच्या?

खुणा फार सोप्या असल्या तर मजा नाही, फार अवघड असल्या तर पोट्टे कंटाळतात. नमुना म्हणून ही एक खूण पाहा :

'पारावर उभे राहा, पाठ देवळाकडे. मावळतीची पांदण धरा. आजी ज्या विहिरीला गोडी विहीर म्हणते तिथे थांबा. नाव माहीत नसेल तर घरी विचारून या. तिथून धुऱ्याने मोठ्या माणसाची ४० पावलं. पळसाचं दुसरं झाड. डबा दगडाच्या मागे आहे, खाली नाही.'

यात 'घरी विचारून या' हे मुद्दाम लिहिलं आहे. आपल्या प्रत्येक गावात वावराला नाव असतं, नाल्याला नाव असतं, एखाद्या आंब्याला सुद्धा नाव असतं. ही नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असतात. हिंगण्याच्या आजूबाजूला एमआयडीसी वाढली, वावरांवर लेआउट पडले. जिथे झाड गेलं, विहीर बुजली, तिथे नावही गेलं. आज शाळेत जाणाऱ्या पोरांना बसस्टॉपची नावं पाठ आहेत, पण आजोबांच्या वावराचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. खूण सोडवायला आजोबांकडे जावं लागलं तर ते नाव आणखी एका पिढीला कळतं. खुणा लिहिताना घरातल्या मोठ्या माणसांना सोबत बसवा. चालणं झेपत नसेल तर त्यांनी खुणा सांगायच्या आणि पोरांनी शोधायच्या.

डबा कुठे ठेवायचा, कुठे नाही?

सुरुवात स्वतःच्या वावरात, वाडीत किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने करा. दुसऱ्याच्या धुऱ्यावर न विचारता जाऊ नका. उभ्या पिकातून वाट काढू नका. कापसावर फवारणी झाली असेल त्या वावराकडे मुलांना नेऊच नका.

या जागा टाळा :
- जंगल : तालुक्याचा काही भाग बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून आहे. वनहद्दीत डबा ठेवायला किंवा शोधायला जाऊ नये.
- विहिरीचा काठ, तलाव, नाल्याचं पात्र.
- विजेची डीपी, कारखान्यांच्या भिंती, बसस्टँड, बाजार : अशा ठिकाणी बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलवावं लागतं. म्हणूनच डबा पारदर्शक हवा आणि त्यावर 'हा खेळाचा डबा आहे, आत वही व ठसा आहे' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं.
- जुन्या वास्तू : नागपूर जिल्ह्यात लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. जुनापाणी इथे रिव्हेट-कार्नाक यांनी उत्खनन केलं होतं. आपल्या टाकळघाट आणि खापा भागात १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. गोलात मांडलेले हे दगड म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या माणसांची दफनस्थळं आहेत. असे दगड हलवून खाली डबा ठेवायचा नाही. डार्टमूरवरही हाच नियम आहे, तिथेही पुराणवस्तूंच्या जागी डबा ठेवत नाहीत.

डबा पुरायचा नाही, त्यासाठी खड्डा करायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही. डब्यात खाऊही ठेवू नका. मुंग्या, उंदीर आणि वानरं तुमच्या आधी पोचतात.

कधी खेळायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. दिवाळीच्या सुटीत पाहुणे, मामा-मावशीची पोरं घरी असतात, तेव्हा दोन टोळ्या करून खेळता येतं. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात, गवत वाढतं आणि साप-विंचू बाहेर असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा भर दुपारी वावरात हिंडायचं कारण नाही. सुटी उन्हाळ्यातलीच असेल तर सकाळी ९ च्या आत आटोपा किंवा डबे घरातच, अंगणात लपवा.

दगडामागे किंवा ढोलीत आधी काठी फिरवा, मग हात घाला. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ वर फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

सुरुवात लहान करा

पहिल्या वेळी तीन डबे पुरेत : एक अंगणात, एक गल्लीत, एक वावरात. महिन्यातून एकदा डबा पाहून या. वही भिजली असेल तर बदला, खेळ थांबवायचा असेल तर डबा परत आणा, रानात प्लास्टिक सोडू नका. आणि भरलेली वही फेकू नका. कोणत्या दिवाळीला कोण कोण आलं होतं, कोणाचा ठसा कोणता होता आणि त्या पांदणीला आजी काय म्हणायची, हे सगळं त्या वहीत राहतं.