निवांत स्पेन: एका समजाचं खंडन

संभाजीनगरातून शिकायला किंवा नोकरीला स्पेनकडे निघालेल्या मुलामुलींना एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा मथितार्थ असा: जर्मनीपेक्षा स्पेन बरा. माणसं आपल्यासारखीच निवांत. दुपारी दुकानं बंद करून झोपतात, रात्री दहाला जेवतात, ऑगस्टमध्ये अख्खा देश सुट्टीवर जातो. वेळेचं आणि कागदांचं तिथं कुणी फार मनावर घेत नाही. इंग्रजीवर भागतं, बाकीचं गेल्यावर बघता येतं. सल्ला देणारा आपुलकीनंच देतो आणि ऐकणाऱ्याच्या आईवडिलांना तेवढ्यानं धीर येतो. पण या सल्ल्यातली बरीचशी माहिती खरी आणि निष्कर्ष खोटा आहे. अशी सरमिसळ निखळ खोट्यापेक्षा जास्त नुकसान करते, म्हणून तिचा समाचार घ्यायला हवा.

स्पेन आपल्या गावाला आता तसा परका राहिलेला नाही. अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंग करणारी इथली औरंगाबाद इलेक्ट्रिकल्स २०१९ मध्ये महिंद्रा सीआयईनं घेतली. २०२३ मध्ये त्या कंपनीचं नाव सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया झालं, आणि मूळ सीआयईचं मुख्यालय उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओत आहे. तिकडे वडोदऱ्यात टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं, तेव्हा स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ जातीनं हजर होते. ५६ विमानांपैकी पहिली १६ सेव्हिलमधून यायची, हे करारातच ठरलं होतं. स्पेनचा संबंध असा थेट कारखान्यापर्यंत आला असताना त्या देशाबद्दल फुटबॉल आणि सिनेमातून गोळा केलेल्या माहितीवर विसंबणं परवडणारं नाही.

पूर्वपक्षाचा, म्हणजे निवांत स्पेनचा सल्ला देणाऱ्यांचा, पहिला पुरावा जेवणाच्या वेळांचा. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊ ते दहा. एवढ्या उशिरा जेवणारा समाज ढिला असणारच, असा तर्क. या तर्कात माणसं तपासली जातात, घड्याळ कुणी तपासत नाही. ग्रीनिचची रेषा स्पेनच्या पूर्व भागातूनच जाते, म्हणजे भूगोलानं स्पेनची जागा लंडनच्या वेळेत आहे. मार्च १९४० मध्ये फ्रँको राजवटीनं घड्याळं एक तास पुढं नेऊन मध्य युरोपाच्या, म्हणजे बर्लिनच्या, वेळेला लावली. ती पुन्हा मागं आलीच नाहीत. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढं. परिणामी बिल्बाओत जुलैमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजून गेलेले असतात. पश्चिमेच्या व्हिगोत तर दोन चाळीस होतात. म्हणजे दोनला जेवणारा स्पॅनिश माणूस सूर्याच्या हिशेबानं भर मध्यान्हीला जेवतो. आपल्याकडेही घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नाहीत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि संभाजीनगर ७५.३ च्या आसपास, त्यामुळे आपली खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. आपला फरक अर्ध्या तासाचा, त्यांचा सव्वादोन तासांचा, इतकंच.

रात्रीच्या जेवणाचंही तेच. जूनमध्ये बिल्बाओत सूर्य पावणेदहानंतर मावळतो. चौविहार पाळणारे आपले जैन शेजारी तिथं गेले, तर रात्री साडेनऊला पोटभर जेवूनही त्यांचं व्रत मोडणार नाही.

आणि या वेळा ढिल्या तर मुळीच नाहीत. दुपारी ठरावीक किमतीत मिळणारं 'मेनू देल दिया' म्हणजे पहिली डिश, दुसरी डिश, ब्रेड, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. ते साधारण दीडनंतर सुरू होतं आणि चारच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं. साडेचारला गेलात तर गरम जेवणाऐवजी थंड सँडविच मिळेल. बाराला गेलात तरी तेच. हव्या त्या वेळी राइसप्लेट मिळण्याची सवय असलेल्या माणसाला ही शिस्त पहिल्याच आठवड्यात कळते, आणि रिकाम्या पोटी कळते.

दुसरा पुरावा दुपारच्या झोपेचा. दुकानाचं शटर दोन ते पाच बंद असतं, त्यावरून आतला माणूस झोपलेला आहे असं अनुमान काढलं जातं. पुण्याच्या एक ते चारवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करणाऱ्या मराठी माणसानं तरी हे अनुमान जपून काढावं. ज्याचा दिवस असा दोन तुकड्यांत विभागलेला असतो, तो सकाळी नऊ-दहाला दुकान उघडतो आणि रात्री आठ-साडेआठला बंद करतो. मधला वेळ जेवण, मुलं आणि बँक यांत जातो. मोठ्या शहरांत घर तासाभरावर असेल तर घरी जाणंही होत नाही. ओईसीडीच्या २०२३ च्या आकड्यांत स्पेनमधला काम करणारा माणूस वर्षाला सुमारे १,६३० तास राबतो, जर्मनीतला सुमारे १,३४०. जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या जास्त आहेत, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना सरळ नाही, हे मान्य करतो. पण ती कितीही वाकडी केली, तरी तिच्यातून आळशी स्पेन निघत नाही. मे २०१९ पासून प्रत्येक कामगाराच्या येण्याजाण्याची रोजची नोंद ठेवणं तिथल्या मालकांना कायद्यानं बंधनकारक आहे.

उन्हाचा भाग वेगळा, आणि तो आपल्याला समजायला सोपा. सेव्हिल, कोर्दोबा या दक्षिणेकडच्या शहरांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथं अनेक कचेऱ्या उन्हाळ्यात सकाळी आठ ते तीन अशी सलग पाळी लावतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळची शाळा सुरू होते, त्यातलाच हा शहाणपणा. जुलै २०२२ मध्ये माद्रिदमध्ये भर दुपारी रस्ता झाडणारा एक कामगार उष्माघातानं गेला. त्यानंतर मे २०२३ मध्ये सरकारनं फर्मान काढलं: हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल आणि कामगाराला पुरेसं संरक्षण देता येत नसेल, तर उघड्यावरच्या कामाची वेळ बदला किंवा कमी करा. आयुर्वेदाचार्य वाग्भटानंही ग्रीष्मात दिवसाची झोप हितकर मानली आहे. मे महिन्यात वाळूजला बांधकामावर उभ्या असलेल्या माणसाला या फर्मानात आळस दिसेल असं वाटत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला तर हा आरोप ओळखीचा वाटायला हवा. उत्तर युरोप स्पेनबद्दल जे बोलतो, ते पुण्या-मुंबईत आपल्याबद्दल बोललं जातं. पाऊस, पाणी, रेल्वे, भांडवल या कशाचाही विचार न करता माणसाच्या स्वभावावर बोट ठेवणं सगळ्यात सोपं असतं. आपण ते बोट सहन करतो आणि स्पेनचा विषय निघाला की तेच बोट उचलतो.

आता कागदांकडे येऊ, कारण नवख्याचं खरं नुकसान तिथं होतं. पूर्वपक्ष म्हणतो, कागद सगळीकडेच असतात, स्पेनमध्ये निदान चालवून घेतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तिथं राहणाऱ्या प्रत्येकानं आपल्या पत्त्याची नोंद नगरपालिकेच्या 'पाद्रोन'मध्ये करणं १९८५ च्या स्थानिक शासन कायद्यानं सक्तीचं आहे. ही नोंद म्हणजे पुढच्या सगळ्या दारांची किल्ली: आरोग्य केंद्राचं कार्ड, मुलांची शाळा, पुढंमागं रहिवासाचा पुरावा. परदेशी माणसाला मिळणारा एनआयई हा फक्त क्रमांक. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर बोटांचे ठसे देऊन वेगळं टीआयई कार्ड काढावं लागतं. आणि यातलं जवळजवळ काहीही सहज आत शिरून होत नाही. 'सीता प्रेव्हिया', म्हणजे आधी ठरवलेली भेट, असल्याशिवाय दारावरचा पहारेकरीच परत पाठवतो. मोठ्या शहरांत ही भेट मिळायला आठवडे लागतात. दहाची भेट हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. या टंचाईवर दलालही पोसले गेले; फुकट मिळणाऱ्या भेटी विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. ज्या देशात वेळेचं कुणी मनावर घेत नाही असं आपण म्हणतो, तिथं दहा मिनिटांच्या भेटीचा काळाबाजार होतो.

घराच्या बाबतीत आपली माणसं एका सापळ्यात हटकून अडकतात. अकरा महिन्यांचा भाडेकरार आपल्या अंगवळणी पडलेला असल्यानं तिथल्या मालकानं 'हंगामी' म्हणून तसलाच करार पुढं केला की सही करून मोकळे होतात. नेहमीच्या राहण्याच्या घरासाठी मात्र तिथला १९९४ चा भाडेकायदा बरंच संरक्षण देतो: मालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क, अनामत एका महिन्याची, वर आणखी हमी मागितली तरी दोन महिन्यांपुरती. मे २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानं दलालाचा खर्च मालकावर टाकला. हंगामी करारात यातलं बरंचसं हातचं जातं. मालक पाद्रोनची नोंद करू नका म्हणत असेल, तर ते घर घेऊच नये.

आणि नाव. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडून, एक आईकडून. लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. तिथल्या अर्जात नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्याकडेही तीन शब्द असतात, म्हणून स्नेहल दत्तात्रय जाधव ते सरळ ओळीनं भरते आणि स्पेनच्या दफ्तरात तिचं पहिलं आडनाव दत्तात्रय होऊन बसतं. मग बँकेत जाधव, भाडेकरारात दत्तात्रय, आरोग्य केंद्रात तिसरंच काही. उपाय साधा आहे: पासपोर्टावर नाव ज्या दोन भागांत छापलं आहे तसंच प्रत्येक ठिकाणी लिहायचं आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना कोरा सोडायचा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईनं विवाहाचा दाखला अपोस्टिल करून न्यावा. ते काम भारतात होतं. स्पेनमध्ये बसून ते करवून घेणं जिवावर येतं. दाखल्याचा स्पॅनिश अनुवादही शपथबद्ध अनुवादकाचाच चालतो.

इंग्रजीवर भागतं हे हॉटेलात आणि विमानतळावर खरं. नगरपालिकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना स्पॅनिशच लागते. बिल्बाओत पाट्यांवर बास्कही असते, बार्सिलोनात कॅटलान. आरोग्यसेवाही प्रांताप्रांताची वेगळी. सेव्हिलला गेलेल्या मित्राचा अनुभव बिल्बाओत जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. शाकाहारी माणसानं तर चार वाक्यं पाठच करावीत, कारण 'व्हेजेताल' नावाच्या सँडविचमध्ये अंडं आणि ट्यूना मासा सर्रास असतो, आणि 'मांस नको' म्हटल्यावर हॅमचे तुकडे येऊ शकतात. छोले, मसूर, पालक-हरभरा हे सगळं तिथं घरोघरी शिजतं. नीट विचारलं तर उपाशी राहायची वेळ येत नाही.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मी मान्य करतो. मित्रांनी नऊला बोलावलं तर सव्वानऊला जावं, आणि ऑगस्टमध्ये खरोखरच बरंचसं बंद असतं. पण पोलिसांच्या कचेरीतली नऊची भेट नऊचीच असते. या दोन घड्याळांतला फरक ज्यानं निघण्याआधी समजून घेतला त्याला स्पेन जड जात नाही. 'गेल्यावर बघू' म्हणणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं: टीआयई कार्डासाठी अर्ज करायची मुदत स्पेनमध्ये पाऊल ठेवल्यापासून एक महिना आहे, आणि ऑगस्ट सुट्टीचा असला तरी तो महिना मोजला जातो.