ब्रिटनमधील युद्धोत्तर नगर-पुनर्रचना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील शहरांचे जे रूपांतर घडून आले, त्यामागे दोन प्रेरणा होत्या : शासकीय नियोजन आणि १९५५ च्या सुमारास वेगाने वाढू लागलेली सामान्य जनतेची क्रयशक्ती. या दोन प्रेरणा एकाच वेळी उद्‌भवलेल्या नाहीत. टंचाईच्या काळात आखलेल्या शहरांत सुबत्तेच्या काळातील नागरिक राहू लागला, हे या इतिहासातील मुख्य सूत्र होय.

नियोजनाचा वैधानिक पाया युद्धकाळातच घातला गेला. गजबजलेल्या औद्योगिक शहरांतील लोकवस्ती व उद्योगधंदे यांचे विकेंद्रीकरण करावे, अशी शिफारस बार्लो आयोगाने १९४० मध्ये केली. १९४४ च्या अधिनियमाने बॉम्बहल्ल्यात उद्‌ध्वस्त झालेले भाग संपादन करण्याचा अधिकार नगरपरिषदांना मिळाला. १९४६ मध्ये नवनगरांचा अधिनियम संमत होऊन स्टीव्हनेज हे पहिले नवनगर घोषित झाले. मजूर पक्षाच्या शासनाने केलेला १९४७ चा नगररचना अधिनियम सर्वांत मूलगामी होता. त्याने जमिनीची मालकी खाजगीच ठेवली. परंतु तिचा विकास करण्याचा हक्क राज्याकडे घेतला आणि विकासामुळे वाढणाऱ्या किंमतीवर आकार बसविला. हुजूर पक्षाच्या शासनाने १९५३ मध्ये हा आकार रद्द केला. पुढील वर्षी शिधावाटप आणि बांधकाम-परवान्यांची पद्धतीही संपुष्टात आली. परवानगीचे बंधन राहिले, पण वाढीव मूल्य मात्र पुन्हा मालकाच्या पदरी पडू लागले.

कॉव्हेंट्रीचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री झालेल्या जर्मन हवाई हल्ल्यात तेथील पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि मध्ययुगीन कॅथीड्रलसह नगराचा मध्यभाग बेचिराख झाला. नव्या मध्यभागाची कल्पना मात्र या विध्वंसातून जन्मलेली नव्हती. नगर-वास्तुविशारद डॉनल्ड गिब्सन व त्यांचे सहकारी यांनी भावी कॉव्हेंट्रीचे प्रदर्शन त्याच वर्षीच्या मे महिन्यात भरविले होते. त्यांचा आराखडा नगरपरिषदेने फेब्रुवारी १९४१ मध्ये स्वीकारला. जुन्या कॅथीड्रलच्या वाचलेल्या मनोऱ्याशी अक्ष जुळवून केवळ पादचाऱ्यांसाठी दुमजली दुकानांचा चौक उभारावा, हा त्याचा गाभा होता. दारासमोरून वाहने गेली नाहीत, तर गिऱ्हाईक येणार नाही, अशी व्यापाऱ्यांची भीती होती. त्यांच्या आग्रहामुळे चौकाला छेदणारा एक वाहनमार्ग आराखड्यात घालण्यात आला. १९५५ मध्ये तोही पादचाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला. व्यापाऱ्यांची भीती अनाठायी ठरली. मात्र वरच्या मजल्यावरील दुकानांकडे लोक फारसे फिरकले नाहीत.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. पायी चालणाऱ्यासाठी मध्यभाग उभारणारे हे शहर स्वतः मोटारगाड्यांच्या उत्पादनावर जगत होते. स्टँडर्ड, जॅग्वार, रूट्स इ. कारखान्यांतील कामगारांचे वेतन इतर शहरांच्या मानाने बरेच अधिक होते. दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र आणि पुढे मोटारगाडी या वस्तू हप्तेबंदीने कामगाराच्याही घरी येऊ लागल्या. ब्रिटनमध्ये १९५० साली सु. २० लक्ष खाजगी मोटारी होत्या. १९७० पर्यंत त्यांची संख्या १ कोटी १० लक्षांवर गेली. कॉव्हेंट्रीत १९५८ मध्ये खुल्या झालेल्या वर्तुळाकार मंडईच्या छतावरच वाहनतळ करावा लागला. १९६२ ते १९७४ या काळात मध्यभागाभोवती सु. ३·६ किमी. लांबीचा वर्तुळमार्ग बांधण्यात आला. त्यामुळे चौकातील पादचारी सुरक्षित राहिला. परंतु आसपासच्या वस्त्यांतून चौकात येणाऱ्याला मात्र भुयारी वाटांचा आश्रय घ्यावा लागला. मोटार आणि नगरजीवन यांच्यातील हा संघर्ष १९६३ च्या ब्यूकॅनन अहवालाने राष्ट्रीय पातळीवर मांडला. त्यातील रस्तेबांधणीचा भाग अनेक नगरपरिषदांनी उत्साहाने उचलला. निवासी भागांना वाहतुकीपासून संरक्षण देण्याचा भाग तितका मनावर घेतला नाही.

बर्मिंगहॅमने याहून पुढे जाऊन १९६४ मध्ये बुल रिंग हे बंदिस्त खरेदी-केंद्र वर्तुळमार्गालगतच उभारले. गलिच्छ वस्त्या हटवून बहुमजली गृहसंकुले बांधण्याच्या धोरणास १९५६ च्या अनुदानाने गती मिळाली. लंडनमधील रोनन पॉइंट या इमारतीचा एक कोपरा १६ मे १९६८ रोजी वायुस्फोटाने ढासळून चार जण ठार झाल्यावर त्या धोरणावरील लोकांचा विश्वास उडाला.

सुबत्तेचा लाभ सर्वांस सारखा झाला नाही. नगरपरिषदेची घरे देताना अनेक ठिकाणी दीर्घ स्थानिक वास्तव्याची अट असे. त्यामुळे वेस्ट इंडीज, भारत व पाकिस्तान येथून आलेल्या कामगारांना बहुधा जुन्या, दाट वस्तीतच घर शोधावे लागे. कॉव्हेंट्रीत पंजाबी कुटुंबे मुख्यतः फोल्सहिल भागात स्थिरावली. वर्तुळमार्गाला लागून असलेल्या हिलफील्ड्स वस्तीत १९७० मध्ये शासनाने समूहविकास प्रकल्प सुरू केला. तेथील दारिद्र्याचे मूळ रहिवाशांच्या उणिवांत असावे, असे प्रारंभी गृहीत धरले होते. प्रकल्पातील अभ्यासकांनी मात्र ते शहराच्या औद्योगिक अर्थव्यवस्थेत असल्याचे दाखविले. दहा वर्षांत त्याचा प्रत्यय आला : १९८० मध्ये कॅन्ली येथील ट्रायंफ मोटारींचे उत्पादन थांबले, शहरातील बेकारी वाढली आणि भरभराटीच्या अपेक्षेने बांधलेल्या चौकातील व्यापारही मंदावला. बुल रिंग पुढे पाडून तेथे २००३ मध्ये नवे केंद्र उघडण्यात आले. कॉव्हेंट्रीची वर्तुळाकार मंडई मात्र २००९ मध्ये संरक्षित वास्तूंच्या सूचीत समाविष्ट झाली.