मुखाकृतीमागचा काळ

हिंदी संस्थानिकांच्या जामदारखान्यांत खिलतीच्या वस्त्रांशेजारी आणि सनदांच्या थैल्यांशेजारी जी विलायती मानचिन्हे येऊन विसावली, त्यांचा काळ ठरविणे वरवर वाटते तितके सुकर नाही. कारण रुपयावरील राजमुख पाहून नाण्याचे वय सांगण्याची जी सवय आपल्या दृष्टीला जडलेली असते, तीच येथे प्रथम आपली दिशाभूल करते. ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब व्हिक्टोरिया राणीने 1861 साली निर्माण केला, आणि जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर व खंडेराव गायकवाड हे त्याच्या आरंभीच्या मानकऱ्यांत होते. त्याच्या पदकावर ऑनिक्सच्या खड्यात राणीची मुखाकृती कोरलेली असे. पुढे 1901 साली राणी निवर्तली, सिंहासनावर एकामागून एक राजे आले, तरी 1947 पर्यंत ती मुखाकृती पालटली नाही.

तेव्हा संशोधकाने प्रथम किताबाच्या दर्जांचा इतिहास ध्यानी धरावा. 1866 साली या किताबाचे तीन वर्ग झाले; पहिल्या वर्गाचा छातीवरील तारा सोन्याचा, तर दुसऱ्याचा चांदीचा, म्हणून चांदीचा तारा त्या वर्षापूर्वीचा असूच शकत नाही. ‘इंडियन एम्पायर’ हा किताब 1878 च्या आरंभी एकाच वर्गाचा म्हणून सुरू झाला व 1887 साली त्याला वरचे वर्ग जोडले गेले. त्याचा छातीवरचा तारा तत्पूर्वीचा सांगितला गेला, तर तो दावा निःसंकोच नाकारावा. याच किताबाचे आरंभीचे पदक हाती घेतले, तर तांबड्या मिन्याच्या गुलाबाच्या पाच पाकळ्यांवर ‘इंडिया’ या शब्दाची पाच रोमन अक्षरे एकेक करून बसविलेली दिसतात. ती अक्षरे पुढे गळाली, त्यामुळे 1904 साली गोपाळ कृष्ण गोखले यांना हा किताब लाभला, त्या काळचा गुलाब निरक्षर आहे.

याहून सूक्ष्म साक्ष मात्र ‘स्टार ऑफ इंडिया’च्या ताऱ्याच्या पाठीकडे असते. समोर सव्वीस मोठे व सव्वीस लहान किरण, मध्यभागी फिकट निळ्या मिन्याच्या फितीवर हिऱ्यांनी जडविलेले ब्रीदवाक्य आणि त्यावर पंचकोनी हिरेजडित तारका, असे सारे वैभव झगमगत असते. पण पाठीवरची टाचणी, डाखाचे जोड, जवाहिऱ्याचे नाव आणि क्वचित आढळणारे लंडनच्या तपासणीचे शिक्के हेच खरे बोलतात. त्या शिक्क्यांतील वर्षाक्षर साल सांगते. आणि चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून उमटविलेले इवलेसे राजमुख 1890 साली बंद झाले, तेव्हा ते असले तर वस्तू त्यानंतरची नव्हे. समोरचे भव्य मुख जे लपविते, ते पाठीवरचे तिळाएवढे मुख उघड करते.

मानकरी निवर्तल्यावर ‘स्टार ऑफ इंडिया’ची मूळ चिन्हे सरकारजमा करावी लागत, म्हणून घराण्यात उरलेला तारा सरकारातून मिळालेला की खाजगीत घडवून घेतलेला, हा प्रश्नही याच पाठीला विचारावा लागतो. ज्यांच्या पेटीत असा वारसा असेल त्यांना एवढीच विनंती, की त्याची पाठ घासूनपुसून लखलखीत करू नये आणि जुनी टाचणी काढून नवी बसवू नये. राजाचा गौरव पुढच्या बाजूस कितीही लखलखला, तरी त्याचा काळ कारागिराच्या हाताने मागच्या बाजूसच लिहून ठेवलेला असतो.