पायाखालचा शहाबाद

दोन वर्षांपूर्वी सोलापूरचं आमचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं. घर बांधताना भिंतींच्या रंगावरून भांडणं होतात, हे ऐकून होतो. आमचं भांडण जमिनीवरून झालं. मुलांना चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. दुकानदाराने नमुन्याच्या चार टाइल्स घरी पाठवल्या. अम्मी नुकतीच वुजू करून आली होती. तिनं ओला पाय टाइलवर ठेवून पाहिला आणि म्हणाली, ‘‘इसपे पाँव नै ठैरता.’’ अम्मीनं ऐंशी ओलांडली आहे. माझ्या मावशीचं खुब्याचं हाड अशाच एका गुळगुळीत जमिनीवर मोडलं होतं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. त्यामुळे हा नुसता आवडीनिवडीचा मामला नव्हता.

लहानपणी अक्कलकोटकडच्या आमच्या खेड्यात जमीन ‘करत’ असत. मुरूम आणि माती भिजवायची, तुडवायची, धुमसानं ठोकायची, मग बायकांनी चोपण्यानं चोपून सपाट करायची. दर आठवड्याला शेणाचं सारवण. दादी नमाजाचा कोपरा तेवढा शेणाऐवजी पांढऱ्या मातीनं सारवायची, त्यावर शिंदीची चटई. शेजारच्या वाड्यात दिवाळीआधी आणि आमच्याकडे ईदेआधी तीच गडबड, तेच मातीनं भरलेले हात.

एक प्रश्न तेव्हा पडला नाही, तो आता पडला. आपला महाराष्ट्र तर दगडांचा देश. मग सामान्य माणूस मातीवर का राहिला? कारण आपला दगड म्हणजे काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा लाव्हा. त्याच्या सहजासहजी पातळ लाद्या निघत नाहीत. पाथरवटानं टाकी घेऊन एकेक चिरा घडवायचा. ते देवळांना, मशिदींना, सरदारांच्या वाड्यांना परवडायचं.

पण आमची भीमा पंढरपूर ओलांडून गुलबर्ग्याकडे, म्हणजे आताच्या कलबुर्गीकडे गेली, की हा काळा दगड संपत जातो आणि खालचा, त्याहून कितीतरी जुना चुनखडक वर येतो. प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तो झालेला. शहाबादच्या खाणीत मी तो पाहिला आहे. बंदेनवाजांच्या उरुसाला गेलो की पुढं शहाबादला मामांकडे मुक्काम असायचा. कामगार थरांच्या सांध्यात छिन्नी ठोकायचे, पहार घालायचे आणि वहीचं पान सुटावं तशी लादी सुटायची. करवत नाही, यंत्र नाही. निसर्गानंच फरशी कापून ठेवलेली.

मग इतकी वर्षं ती आपल्याकडे सर्रास का आली नाही? बैलगाडीनं दगड किती लांब नेणार? १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला आली आणि १८७१ मध्ये निजामाच्या मुलखातून रायचूरला पोचून मद्रासच्या लोहमार्गाला मिळाली. शहाबाद नेमकं याच मार्गावर. ज्या रुळांवरून प्रवासी जात, त्याच रुळांवरून फरशी सोलापूर, पुणे, मुंबईला निघाली. मराठी घरांना या दगडाची ओळख रेल्वेनं करून दिली, असं मी मानतो.

मातीच्या जमिनीची पत प्लेगनंही घालवली. १८९७ मध्ये पुण्यात रोगी सापडला की गोरे शिपाई घरात शिरत, सामान बाहेर काढत, जमीन उकरत. रँडच्या त्या जुलमाचा संताप इतिहासात नोंदला गेला आहे. उकरलेल्या भुईकडे पाहणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, हे मात्र कुणी लिहिलं नाही. मातीत उंदीर बिळं करतो, दगडात करत नाही, हा धडाही त्या वर्षांनी दिला असणार.

मुंबईच्या श्रीमंतांचं निराळं होतं. त्यांच्यासाठी विलायतेहून नक्षीच्या टाइल्स बोटीनं येत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये त्या आजही बघायला मिळतात. त्यांना स्वदेशी उत्तर म्हणून १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्स काढली. सिमेंटमध्ये रंग कालवून, साच्यात ओतून, दाबून केलेली ही फरशी भट्टीत भाजत नाहीत, पाण्यात मुरवतात. पुढं मोझॅक आला, लाल कोबा आला. गंमत अशी, की सिमेंट होतं चुनखडीपासूनच. शहाबाद आणि वाडीला त्याच खडकाच्या जिवावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. म्हणजे शहाबादी फरशीला घराबाहेर काढलं ते तिच्याच भाऊबंदानं!

फरशीचे अवगुणही सांगायला हवेत. लिंबू, चिंच सांडली की चुन्याच्या दगडावर डाग पडतो. तेल मुरतं. कडा उडतात, सांध्यांत मळ बसतो. व्हिट्रिफाइड टाइल हजार-बाराशे अंशांवर भाजलेली, पाणी जवळजवळ पीतच नाही. पुसायला सोपी, हे कबूल. पण पॉलिश केलेल्या टाइलवर पाणी सांडलं, की ते आत जात नाही, वरच थांबतं आणि पाय सुटतो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत, न्हाणीच्या दारात ती घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घालायचीच तर खरखरीत पृष्ठभागाची घ्यावी.

अब्बांनी १९७९ साली घातलेली फरशी आम्ही पहारीनं उचलली. ठेकेदार ती राडारोड्यात टाकायला निघाला होता. जवळजवळ निम्म्या लाद्या फुटल्या. उरलेल्यांच्या कडा कापून घेतल्या, त्या अम्मीच्या खोलीला पुरल्या. एक लादी पाटा-वरवंट्याखालची, मधोमध खोलगट झालेली. मिस्त्री म्हणाला, हिच्यात पाणी साचेल. अम्मी ती टाकू देईना. शेवटी अंगणात नळापाशी बसवली.

मुलांच्या खोल्यांत त्यांच्या आवडीच्या टाइल्स आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र सगळे उशा घेऊन अम्मीच्या खोलीत येतात आणि उघड्या फरशीवर आडवे होतात.