चिलटाचे नाक आणि इतिहासाची नजर

शोधांचा इतिहास लिहिणाऱ्याला एक मोह नेहमी होतो. शेवटच्या पानावर जे हाती लागले, तेच पहिल्या पानापासून शोधले जात होते असे दाखवण्याचा. वाङ्मयेतिहासात हा मोह आपल्या चांगला परिचयाचा आहे. एखादा संप्रदाय स्थिरावला की आधीचे सारे लेखक त्याचे पूर्वसूरी ठरतात आणि त्यांना स्वतःला काय म्हणायचे होते, हा प्रश्न मागे पडतो. कीटकांच्या गंध-रसज्ञानामागील जनुकांची कथाही बहुधा अशीच सांगितली जाते.

प्रचलित कथा १९९१ पासून सुरू होते. त्या वर्षी लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदराच्या नाकातील गंधग्राही प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचे एक प्रचंड कुटुंब उजेडात आणले. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटातही, म्हणजे ड्रॉसोफिला या फळमाशीतही, असे कुटुंब सापडले. पुढच्याच वर्षी चवीच्या ग्राहींचे कुटुंब मिळाले. दोन्ही कुटुंबांत सुमारे साठ-साठ जनुके आहेत. ही कथा खरी आहे, परंतु ती अपुरी आहे.

कारण चिलटाच्या नाकाचा जनुकीय अभ्यास १९७० च्या दशकातच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाला होता. तेथील रेणवीय जीवशास्त्राचा विभाग १९६२ मध्ये उभा करणारे ओबेद सिद्दिकी मूळचे सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्रातले. अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्यासमवेत काम करताना ते माशीच्या मज्जासंस्थेकडे वळले. त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज हिचा जन्म केनियातील एका मूळच्या गोवेकर कुटुंबात झाला होता. युगांडातील मकेरेरे आणि आयर्लंडमधील डब्लिन असा प्रवास करून ती मुंबईला आली. वास आणि चव यांची जाणीव बिघडलेल्या माशांविषयीचा या दोघांचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत समजून घेणे महत्त्वाचे आहे. उत्परिवर्तने घडवून आणलेल्या माशांच्या वंशजांतून वासाकडे न वळणाऱ्या, साखर लागूनही सोंड पुढे न काढणाऱ्या माशा वेगळ्या काढायच्या आणि हा दोष कोणत्या जनुकातून आला, याचा माग घ्यायचा. माशीच्या पायांवरही चव ओळखणारे केस असतात. पाय साखरपाण्यात टेकला की पोट रिकामे असलेली माशी सोंड पुढे काढते. हे वर्तन म्हणजेच संशोधकाची संहिता. वाचकाने एखाद्या अपभ्रष्ट शब्दावरून मूळ पाठाची रचना ताडावी, तसेच काहीसे हे काम होते. १९८१ मध्ये त्यांनी अशी एक उत्परिवर्तित माशी वर्णिली की जिच्यात साखरांच्या एका विशिष्ट गटाच्याच ग्राहींत दोष होता. गोडाची जाणीवही एकजिनसी नाही, हे त्या एका माशीने सांगितले.

मग ग्राहींची जनुके या वाटेने तेव्हाच का सापडली नाहीत? याचे एक कारण आज सांगता येते. एकच गंध अनेक ग्राहींना जाणवतो. त्यामुळे एक जनुक निकामी झाले तरी माशी सहसा त्या गंधाला पूर्णपणे मुकत नाही. जी मुकते तिच्यात बऱ्याचदा सर्वच ग्राहींना लागणारी सामायिक यंत्रणा बिघडलेली असते. 'स्मेलब्लाइंड' नावाच्या उत्परिवर्तनाचे उदाहरण बोलके आहे. ते वासाच्या आंधळेपणावरून ओळखले गेले. १९९४ मध्ये मात्र दिसून आले की ते जनुक मज्जातंतूंतील सोडियमच्या मार्गिकेचे आहे. नाव नाकाचे, काम साऱ्या मज्जासंस्थेचे.

दुसऱ्या वाटेचा इतिहासही सरळ नाही. उंदराच्या जनुकांशी साम्य असलेली जनुके कीटकांत शोधण्याचे प्रयत्न फसले. अखेर जॉन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेने, पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी प्रथिने कोणती असतील, याचा संगणकाच्या साहाय्याने शोध घेतला. त्यातून चिलटाची गंधग्राही जनुके हाती आली. अ‍ॅक्सेल यांच्या गटालाही ती त्याच वर्षी मिळाली. परंतु २००६ मध्ये कळले की ही प्रथिने पटलात उंदराच्या ग्राहींच्या उलट दिशेने बसलेली आहेत, आणि २००८ मध्ये दाखवले गेले की ती स्वतःच आयनांची मार्गिका म्हणून काम करतात. म्हणजे उंदराचे नाक आणि चिलटाची शृंगिका यांच्या ग्राहींत वंशाचे नाते नाही. साम्याचे गृहीतक चुकले, शोध मात्र खरा ठरला.

चवीच्या बाबतीत दोन वाटा एकत्र आल्या. ट्रेहॅलोज या साखरेविषयी काही माशा कमी संवेदनशील असतात, हे जपानमध्ये तेइइची तानिमुरा यांनी १९८० च्या दशकारंभी वर्तनावरून हेरले होते. २००१ मध्ये अनुपमा डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी, तसेच जपानी संशोधकांनीही, दाखवले की या साखरेची जाणीव 'जीआर ५ ए' या रसग्राही जनुकावर अवलंबून असते. वर्तनाने विचारलेल्या प्रश्नाला रेणूने उत्तर देईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली.

मुंबईने आधी केले, अशी फुशारकी मारण्यासाठी हे लिहिलेले नाही. ग्राहींची जनुके तेथे सापडली नव्हती आणि तसे सांगणे असत्य ठरेल. पण 'त्यांना जनुक सापडले नाही' एवढीच नोंद करणे हाही अन्यायच होय. सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांचा प्रश्न ग्राहीपुरता नव्हता. बाहेरचा पदार्थ माशीच्या आत वर्तन कसा होतो, हा तो प्रश्न होता. रॉड्रिग्ज पुढे शृंगिकेची आणि तिच्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची घडण कशी होते, या विषयाकडे वळल्या, तो याच प्रश्नाचा विस्तार होता. २०१० साली त्यांचे निधन झाले, २०१३ साली सिद्दिकींचे.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावे असे काही असेल, तर ते एवढेच की कोणत्याही ग्रंथकर्त्याला त्याने न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरून जोखू नये. उत्तरे सापडली की पुस्तकात बंद होतात. प्रश्न कोणी, कुठे आणि कोणत्या साधनांनी विचारला, हे सांगण्याची जबाबदारी मात्र इतिहासकाराचीच असते.