चेकचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हणतात. त्यात शब्दाची भर घालायची राहून गेली असावी. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. शब्दांशी माझा संबंध 'रुपये सात हजार पाचशे फक्त' एवढाच, आणि त्यातही माझे सगळे लक्ष 'फक्त'वर. असल्या माणसाने एखाद्या इंग्रजी शब्दाची वंशावळ धुंडाळत रात्री बारापर्यंत जागावे हे काही बरे लक्षण नव्हे. पण मी जागलो. कारण आप्पा.

आप्पा आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. निवृत्त शाळामास्तर. आडनाव सांगत नाही, कारण त्यांचे खाते आमच्या शाखेत आहे आणि खातेदाराची माहिती बाहेर फोडू नये असा नियम आहे. वय ऐंशीच्या पुढे, एवढे सांगितलेले बहुधा चालत असावे. लहानपणी मला बुद्धिबळ आप्पांनी शिकवले. शिकवले म्हणजे पाच वर्षे रोज हरवले.

तर हे आप्पा गेल्या जूनमध्ये माझ्या काउंटरवर आले आणि पाच हजारांचा सेल्फचा चेक पुढे सरकवला. मी पडद्यावर त्यांची नमुन्याची सही काढली. वीसेक वर्षांपूर्वीची, मोत्याच्या दाण्यांसारखी, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या हाताची. चेकवरची सही मात्र भूकंपमापक यंत्राने काढल्यासारखी दिसत होती.

"आप्पा, सही जुळत नाही."

त्यांनी मागे पुन्हा एक केली. मग आणखी एक. प्रत्येक सही आधीच्या सहीपासूनही फारकत घेऊ लागली.

"अरे, सही नसेल जुळत," आप्पा म्हणाले, "पण मी जुळतोय ना? घोडा अडीच घरं कसा जातो ते तुला कोणी शिकवलं?"

"मी ओळखतो हो तुम्हाला. पण कॉम्प्युटर..."

खरे सांगायचे तर कॉम्प्युटर बिचारा काहीच म्हणत नव्हता. तो फक्त सही दाखवतो. जुळत नाही असे म्हणणारा मीच. इतक्यात आमचे मॅनेजर आले आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने तोड काढली, "काकांचा अंगठा घ्या ना! दोन साक्षीदार लागतात. वयस्कर मंडळींसाठी सोय आहे तशी."

सोय आहे हे खरे. पण ज्या माणसाने उभा जन्म मुलांना 'अंगठेबहाद्दर राहू नका' म्हणून छड्या मारल्या, त्याच्यापुढे शाईचा पॅड सरकवणे म्हणजे काय, हे मॅनेजरना कसे कळावे? आप्पांनी चेकची शांतपणे घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "शह दिलास की रे! बरोबर आहे. चेक म्हणजे शहच." आणि गेले.

रांगेतला पुढचा माणूस म्हणाला, "साहेब, माझं पासबुक."

संध्याकाळी मी खिशातले पाच हजार घेऊन आप्पांकडे गेलो. "तुझे नकोत रे," ते म्हणाले, "माझे पाहिजेत." यावर बोलण्यासारखे काही नसते. घरी आलो, जेवण गेले नाही, आणि कॉलेजातली जुनी डिक्शनरी काढून बसलो. आप्पा रागाच्या भरात काहीतरी बोलून गेले, की खरेच चेक म्हणजे शह?

वाचकहो, आपण दिवसाकाठी किती वेळा 'चेक' म्हणतो, मोजून पाहा. गॅस बंद केला का ते सौभाग्यवती दोनदा चेक करते, आणि मी केला की नाही ते तिसऱ्यांदा. चाळिशी उलटली की चेकअप. लोकलमध्ये 'चेकिंग आलं' अशी कुजबूज झाली की ज्याच्याकडे पास आहे त्याचाही हात खिशाकडे जातो. मुलुंडचा चेकनाका घ्या. 2017 च्या जुलैत जकात गेली, पण चेकनाका आपल्या जागी आहे. तिथे आता कोणी काही चेक करत नाही, फक्त रिक्षावाले उतरवून देतात. अंगात चेक्सचा शर्ट असतो. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. पहिल्यांदा तिथल्या हॉटेलात जेवल्यावर वेटरने "चेक?" असे विचारले, तेव्हा हा घाबरून म्हणाला, "चेकबुक घरी राहिलं, कॅश चालेल का?" तिकडे बिलालाच चेक म्हणतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे माझा चेक, ज्याच्यावर माझ्या घराचे हप्ते चालतात.

हे सगळे एकाच कुळातले निघाले आणि मूळ पुरुष निघाला इराणचा शहा!

बुद्धिबळ आपले. चतुरंग नावाने ते इथून इराणात गेले. तिथे राजावर हल्ला झाला की खेळणारा सभ्यपणे बजावायचा, "शाह!" म्हणजे, बाबा रे, तुझा राजा सांभाळ. राजाला पळायला जागा उरली नाही की 'शाह मात'. अरबांनी हा खेळ उचलला आणि स्पेन-इटलीच्या वाटेने तो सुमारे 1000 सालापर्यंत युरोपात पोचला. शाहचे वाटेत जे हाल झाले ते पासपोर्टावर आडनावाचेही होत नाहीत. लॅटिनमध्ये तो 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्लंडात उतरेपर्यंत 'चेक'. 'चेस' हे तर या चेकचेच अनेकवचन! मग अर्थ पसरत गेला. राजाला शह म्हणजे राजाला अडवणे. म्हणून चेक म्हणजे कोणालाही अडवणे. अडवल्यावर माणूस काय करतो? तपासतो. म्हणून चेक म्हणजे तपासणे. आमच्या आखेगावच्या नाक्यापासून विमानतळापर्यंत अजून हाच क्रम चालू आहे.

इकडे आपल्या मराठीने फारसीतून 'शह' जसाच्या तसा उचलला. राजकारणात आपण तो काटशहासकट रोज वापरतो. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे चुलत भाऊ. एक थेट आला, दुसरा युरोपची यात्रा करून इंग्रजांबरोबर मुंबईला उतरला. दोघे आता एकाच मराठी वाक्यात शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना ओळखही देत नाहीत.

पण खेळातला चेक पैशाच्या व्यवहारात कसा शिरला? इथे मला खरी गोडी लागली, कारण इथे आमची जात भेटली. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, राजाचा हिशेबखाता एका टेबलावर चाले. 1177 च्या सुमारास रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने या खात्याच्या कामकाजावर चक्क ग्रंथ लिहिला. (आमच्याकडे सर्क्युलर निघते.) त्यात टेबलाचे माप दिले आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि कडेला चार बोटे उंच काठ, नाण्या-सोंगट्या पडू नयेत म्हणून. वर रेघा आखलेले काळे कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शिक्षाच, म्हणून त्या पट्ट्यांत सोंगट्या मांडून पेनी, शिलिंग, पौंड, शेकडा, हजार असा हिशेब करायचा. बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून त्याचे नाव एक्सचेकर. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही त्या टेबलक्लॉथचेच चॅन्सेलर म्हणवतात!

टेबलाच्या एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरीफ. मुंबईतल्यासारखे मानाचे शेरीफ नव्हेत हे, जिल्ह्याची वसुली राजाला भरणारे. वर्षातून दोनदा हजेरी लावायची आणि सोंगटी सोंगटीने हिशेब द्यायचा. फिट्झनीलनेच लिहून ठेवले आहे की हा खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला बुद्धिबळाचा डावच. मला तो शेरीफ स्पष्ट दिसला. टेबलाच्या पलीकडे उभा, घामाघूम, हातात थैली. फक्त त्याचा चेहरा आप्पांसारखा होता, आणि अलीकडच्या खुर्चीत कोण बसले होते ते सांगायला नको.

भरलेल्या रकमेची पावती म्हणून मिळे ती काठी. टॅली तिचे नाव. "कॅश टॅली झाली का?" असे आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांना विचारतो ती हीच. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या आणि ती मधोमध उभी चिरायची. अर्धी भरणाऱ्याकडे, अर्धी खजिन्यात. उद्या तंटा झाला तर दोन्ही अर्धुके जोडून बघायची. लाकडाचे रेषे रेषेला बसले की हिशेब खरा. सही नको, शिक्का नको, पडदा नको. त्या दोन भागांपैकी एकाला म्हणत स्टॉक आणि दुसऱ्याला फॉइल. चेकबुकातले काउंटरफॉइल त्याच घरातले.

या काठ्या सातशे वर्षे चालल्या. 1826 मध्ये बंद झाल्या. मग जुन्या काठ्यांचा ढीग जाळून टाका असा हुकूम सुटला. 16 ऑक्टोबर 1834 रोजी लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत त्या दिवसभर कोंबल्या आणि संध्याकाळी ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची राख झाली. जुनी व्हाउचरे नष्ट करायचा विषय निघाला की मी हल्ली टेबलाखाली वाकून पाहतो.

कागदी चेक त्याआधीच आला होता. जपून राहिलेल्या इंग्रजी चेकांतला एक अगदी जुना 1659 सालचा, चारशे पौंडांचा आहे. तेव्हा त्याला चेक म्हणत नसत. खोटेपणाला आळा बसावा म्हणून काउंटरफॉइल ठेवू लागले, त्या आळ्याचे नाव चेक. ते पुढे कागदालाच चिकटले. आणि एक्सचेकरच्या थाटात स्पेलिंगमध्ये 'क्यू' घुसला. अमेरिकनांनी तो घेतला नाही. आपल्याकडे 1881 च्या कायद्याने चेकला रीतसर व्याख्या दिली. सरकारी मराठीने पुढे 'धनादेश' हे नाव ठेवले, पण माझ्या खिडकीवर आजवर कोणी धनादेश मागितलेला नाही.

थोडक्यात, आप्पांचे बरोबर होते. आयुष्यभर मी लोकांना चेक देतो-घेतो असे समजत होतो. मी शह देत बसलो होतो.

रविवारी नव्या नमुना सहीचा फॉर्म घेऊन मी आप्पांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, श्वास रोखला आणि तीन रकान्यांत तीन सह्या केल्या. तिन्ही तीन जणांच्या. आम्ही दोघेही बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

मग काय बोलावे ते न सुचून मी त्यांना काठ्यांची गोष्ट सांगितली. खाचेची रुंदी रकमेप्रमाणे असे हेही सांगितले. एक पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी खाच. वीस पौंडांना करंगळीएवढी.

"आणि अंगठ्याएवढी?" आप्पांनी विचारले.

"शंभर पौंड."

आप्पांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो थरथरतच होता. अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे सहीपेक्षा भाव बरा होता म्हणायचा. आणि तळहाताएवढी?"

"हजार."

"मग तुझ्या मॅनेजरला सांग, मास्तर अख्खा पंजा द्यायला तयार आहेत. अंगठ्यावर भागव म्हणावं. उद्या येतो, शाई ताजी ठेव." त्यांनी फॉर्म उलटा करून बाजूला सारला आणि कोनाड्याकडे बोट दाखवले. "आता तो पट काढ."

अकराव्या खेळीला आप्पांचा हात वजिरासह कापत कापत माझ्या राजाच्या दिशेने आला. वजीर दोन घरांच्या मधोमध, रेघेवर टेकला.

"शह," आप्पा म्हणाले.

कुठल्या घरातून, ते मी विचारले नाही. राजा हलवला.