दहा मिनिटांचे अंतर

बँकॉक ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३००० कि.मी., विमानाचा वेग ताशी ९०० कि.मी.; तर प्रवासास वेळ किती लागेल? असे गणित आपण वर्गात नेहमी घालतो. मुले चटकन सांगतात : तीन तास वीस मिनिटे. उत्तर बरोबर आहे. पण वैमानिकापुढचे गणित उलटे असते. घड्याळात वेळ दिसते. त्यावरून आपण आत्ता कोठे आहोत, हे त्याला ठरवायचे असते. या उलट्या गणितातील चूक किती महाग पडते, याचा दाखला जुन्नरच्या डोंगरात आहे.

१९६२ च्या जुलै महिन्यातील ही घटना. सिडनीहून रोमला निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. ६ तारखेची मध्यरात्र उलटली होती. औरंगाबाद मागे टाकून विमान खाली उतरू लागले. मुंबई अजून सुमारे ८४ कि.मी. दूर असतानाच ते जुन्नरजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फुटांवर, डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीचा निष्कर्ष असा होता : वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा अधिक जवळ आलो आहोत असे वाटले, म्हणून तो वेळेआधीच खाली उतरला. जागा पडताळण्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांचा त्याने उपयोग केला नाही. किमान सुरक्षित उंचीही पाळली गेली नाही. हा प्रदेश त्याच्या परिचयाचा नव्हता.

८४ कि.मी. म्हणजे किती? उतरताना वेग ताशी ५०० कि.मी. धरला, तर फक्त दहा मिनिटे! पण या दहा मिनिटांत सह्याद्री उभा आहे. विमानातील उंचीमापक हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. पायाखालच्या जमिनीची नव्हे. मुंबईजवळच्या सखल भागावर ३६०० फूट म्हणजे मोकळे आकाश. जुन्नर गाव मात्र स्वतःच दोन हजार फुटांहून उंच आहे, आणि त्याच्या पश्चिमेला भीमाशंकरपासून उत्तरेकडे हरिश्चंद्रगडापर्यंत घाटमाथ्याची भिंत आहे.

शिवाय वारा असतोच. ताशी १०० कि.मी. वेगाचा वारा तीन तासांत हिशेबात ३०० कि.मी.चा फरक पाडू शकतो. म्हणून वेळेवरून काढलेले अंतर हा अंदाज असतो. जमिनीवरील रेडिओ केंद्रांशी तो ताडून पाहावाच लागतो. आज उपग्रह विमानाची जागा सांगतात, आणि डोंगर समोर आला तर विमानातील यंत्र इशारा देते. १९६२ मध्ये या दोन्ही सोयी नव्हत्या.

विद्यार्थ्यांकडून औरंगाबाद–जुन्नर–मुंबई असा जमिनीच्या उंचीचा छेद आलेखकागदावर काढून घ्यावा. त्यावर ३६०० फुटांची आडवी रेघ मारावी. ती कोठे डोंगराला भिडते हे पाहिले, की अंतर, वेळ आणि वेग यांच्या सूत्रात काय राहून गेले, ते वेगळे शिकवावे लागणार नाही.